पत्रा आणखी जाड का नाही घातला?

बेळगावात लष्कराची गाडी कुणाला नवी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथेच आहे, कॅम्पात मिलिटरी महादेव मंदिराच्या आसपास त्या गाड्यांची ये-जा असते, आणि खानापूर, चंदगड, निपाणी, हुक्केरीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर पलटणीतला एखादा फोटो असतो. गावाच्या दुसऱ्या अंगाला उद्यमबाग आणि मच्छे. तिथे फाउंड्र्या, मशीनशॉप, हायड्रॉलिकचे कारखाने. म्हणून हलक्या चिलखती गाडीचा विषय निघाला की इथे दोन तऱ्हेची माणसं सरसावून बसतात. एक, अशा गाडीत बसून गस्त घातलेली. दुसरी, गाडीचा एखादा भाग ओतलेली, कातलेली, जोडलेली. पहिल्याचा प्रश्न ठरलेला असतो: पत्रा आणखी जाड का नाही घातला? ज्याच्या अंगावर गोळी येणार आहे त्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याला ‘वजन वाढतं’ एवढं सांगून वाटेला लावणं बरं नाही. किती वाढतं, कुठे वाढतं आणि त्यानं काय मोडतं, हे त्याच्यापुढे नीट मांडलं पाहिजे.

पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटरचा पत्रा म्हणजे पावणेआठ किलोच्या थोडा वर. आता जीपएवढ्या गाडीची बसायची पेटी धरू: लांबी अडीच मीटर, रुंदी १.७, उंची १.२. दोन्ही बाजू, पुढचं, मागचं, छत आणि तळ मिळून साडेअठरा चौरस मीटर होतात. साध्या शिशाच्या गाभ्याची रायफलची गोळी जवळून अडवायची तर कडक चिलखती पोलाद सहा-साडेसहा मिलिमीटर लागतं. साडेसहाचा पत्रा चौरस मीटरला ५१ किलो. पेटी झाली साडेनऊशे किलोची. काचेच्या जागी पत्रा वजा करा, पण मग तिथे चिलखती काच येते, आणि साठ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १३० ते १५० किलो भरते, म्हणजे त्याच जागेच्या पत्र्याहून अडीच-तीन पट. बिजागऱ्या, कुलपं, हवा गेल्यावर टायरला तोलणारी आतली कडी, आतलं अस्तर असं सगळं धरलं की टनाच्या पुढे गेलो. एवढं करून फक्त साधी गोळी अडली. पोलादी गाभ्याची चिलखतभेदी गोळी अडवायची तर जाडी जवळपास दुप्पट करावी लागते.

लष्करात वर्षानुवर्षं चाललेली जिप्सी ५०० किलो ओझं वाहायच्या वर्गातली गाडी. चार जवान, त्यांची हत्यारं, दारूगोळा, वायरलेस, पाणी धरलं की माणशी शंभर किलो सहज होतात. शिल्लक राहिले शंभर. त्यात चिलखत बसवायचं म्हणजे गाडीनं कधी उचललाच नाही असा भार तिच्यावर घालायचा. तरीही अशा गाड्यांना पत्रे ठोकले गेले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या गाड्यांचं पुढे काय होतं ते वर्कशॉपवाल्यांना विचारावं. आधी मागचे पाटे सपाट होतात आणि अॅक्सल रबराच्या गुटक्यावर आदळायला लागतो. मग चाकाच्या बेअरिंगा आवाज करतात. क्लच जळतो, रेडिएटर उकळतो, दाराच्या बिजागऱ्या खाली बसतात आणि दार उचलून लावावं लागतं. चढाला गाडी रडते हे लगेच कळतं, उतारावरचा धोका उशिरा कळतो. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या मागे लावलेला ट्रॅक्टर चढावर नुसता अडतो, उतारावर मात्र तो ट्रॉल्यांच्या हुकमात जातो. चिलखती गाडीचंही तेच. दुप्पट वजनाला त्याच वेगातून थांबवायला ब्रेकला दुप्पट उष्णता पचवावी लागते. चोर्ल्याच्या घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं तर लायनिंग तापून पकड सोडतं, पेडल कडक असतं पण गाडी थांबत नाही. म्हणून चिलखत चढवलेल्या गाडीला ब्रेक, पाटे, चाकं, टायर आणि अॅक्सल नव्यानं मोजून द्यावे लागतात. एवढं सगळं बदलायचं तर मूळ चासीच वेगळी घेतलेली बरी. हलक्या चिलखती गाडीचा शंभर वर्षांचा प्रवास बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरला आहे.

पहिल्या महायुद्धात १९१४ साली इंग्रजांनी रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या चासीवर चिलखत आणि मशीनगनचा बुरुज चढवला, तेव्हाही मागे जोडचाकं लावावी लागली आणि पाटे वाढवावे लागले. त्या जातीची एक गाडी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. सुट्टीत तिकडे गेलात तर तिच्या मागच्या चाकांकडे जरूर बघा.

पण अशी गाडी करायची कशासाठी? याचं उत्तर काश्मीरच्या पहिल्या युद्धात सापडतं. नोव्हेंबर १९४७. श्रीनगरच्या वेशीवर हल्लेखोर आलेले. सैन्य विमानानं उतरत होतं, पण चिलखत विमानानं येणार नव्हतं. ‘सातवी लाइट कॅव्हलरी’ या रेजिमेंटच्या मोजक्या चिलखती गाड्या अंबाल्याहून रस्त्यानं, बनिहालवरून, डोंगरी पूल सांभाळत श्रीनगरला पोचल्या. साधारण सात टनांच्या गाड्या त्या. ७ नोव्हेंबरला शालटेंगच्या लढाईत लेफ्टनंट नोएल डेव्हिड यांनी त्या लांबून वळसा घालून शत्रूच्या पिछाडीला नेल्या, पुढून ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्या ब्रिगेडनं दाबलं, आणि श्रीनगरवरचं संकट टळलं. पुढच्याच वर्षी जोझी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे न्यायचं ठरलं, तेव्हा त्यांचे बुरुज उतरवून त्यांना वर न्यावं लागलं. शालटेंगच्या गाड्यांची खरी करामत त्यांच्या तोफेत किंवा पत्र्यात नव्हती. वेळेवर, आपल्या चाकांवर, जिथे कुणी त्यांची वाट पाहत नव्हतं तिथे त्या पोचल्या. टेहळणी, गस्त, ताफ्याची राखण, तोफखान्याला लक्ष्य दाखवणं, रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र झटकन पुढे नेऊन डागणं आणि तिथून निघून जाणं, ही हलक्या चिलखती गाडीची कामं. गोळी आणि बॉम्बचे तुकडे अंगावर झेलून निसटता यावं, एवढ्यासाठी पत्रा.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामासाठी इंग्रजांच्या डेमलर कंपनीनं केलेली फेरेट गाडी आपल्या सैन्यातही होती. दोन माणसांची, चार टनांच्या आसपासची, सहा सिलिंडरच्या रोल्स-रॉइस पेट्रोल इंजिनाची. पाचही गिअर उलट्या दिशेनं चालायचे. टेहळणीच्या गाडीला हे किती मोलाचं! वळणावर शत्रू दिसला की गाडी फिरवायला वेळ नसतो, तोंड तसंच ठेवून पूर्ण वेगात मागे पळायचं. तिची चारही चाकं एकाच मधल्या डिफरन्शियलवरून फिरत, आणि एका बाजूची पुढची-मागची चाकं आपसात जखडलेली असत. चिखलात फार उत्तम. पण पक्क्या डांबरी रस्त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेरात जरा जरी फरक असला, एखादा टायर नवा असला, तरी शाफ्टमध्ये पीळ साठत जाई. स्टिअरिंग जड व्हायचं, गिअरबॉक्स तापायचा, शेवटी क्रॉस जॉइंट नाहीतर चाकाकडचा बेव्हल गिअर तुटायचा. त्यावर इलाज सोपा होता: अधूनमधून एक चाक कच्च्या कडेवर किंवा उंचवट्यावर चढवायचं, चाक हवेत सुटलं की पीळ निघून जायचा. आणि एका बाजूचे दोन्ही टायर नेहमी सारख्याच झिजीचे ठेवायचे. आजही चारही चाकं लॉक करणाऱ्या कोणत्याही गाडीला हा नियम लागू आहे, ट्रॅक्टरवाल्यांना तर तो पाठ असतो.

रशियाची बीआरडीएम-२ याच कामाची, पण नद्यांच्या मुलखासाठी बनवलेली. सात टन, चार माणसं, १४.५ मिलिमीटरची मशीनगन, पाण्यात पोहायला मागे वॉटरजेट, आणि पोटाखाली चार छोटी चाकं. चर ओलांडताना ती खाली उतरवायची, म्हणजे गाडीचं पोट अडकत नाही. तिचा मोठा दोष असा की बाजूला दार नाही. पेटलेल्या गाडीतून बाहेर पडायचं तर वरच्या झाकणातून, शत्रूच्या डोळ्यांसमोर. फ्रान्सच्या पनार कंपनीची व्हीबीएल त्याच्या उलट टोकाची: साडेतीन टन, दोन मीटर रुंदी, ९५ अश्वशक्तीचं प्यूजो डिझेल, तरीही पोहणारी. तिच्या आराखड्यात वजन किलोकिलोनं राखलेलं दिसतं. साडेतीन टनांची गाडी मालवाहू विमानात बसते, खेड्यातल्या पुलावरून जाते, आणि फसली तर दुसरी तसलीच गाडी तिला ओढून काढते. सात टनांची फसली की मोठी क्रेन येईपर्यंत सगळी तुकडी तिथेच अडकते.

अमेरिकेच्या मरीन दलाची एलएव्ही-२५ थोडी मोठी. मूळ स्वित्झर्लंडच्या मोवाग कंपनीचा आराखडा, बांधणी कॅनडात, निवड १९८२ साली. आठ चाकं, २५ मिलिमीटरची तोफ, रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटर. तिच्या इतिहासातली एक रात्र प्रत्येक शिबिरात शिकवण्यासारखी आहे. २९ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धातल्या खाफजीच्या लढाईत सौदी सीमेवर टेहळणीचा पडदा धरून बसलेल्या या गाड्यांपैकी एकीला आपल्याच दुसऱ्या गाडीचं क्षेपणास्त्र लागलं, आणि नंतर दुसरीला आपल्याच विमानाचं. अकरा मरीन गेले. अंधारात उष्णतेच्या दुर्बिणीतून हलक्या गाडीचा नुसता एक तेजस्वी ठिपका दिसतो. तो आपला की परका हे ठिपका सांगत नाही. पुढे असणाऱ्या प्रत्येक गाडीची जागा मागच्याला माहीत असणं आणि ओळखीची खूण अंधारातही दिसेल अशी असणं, हे चिलखताइतकंच महत्त्वाचं.

सगळ्यात महागडा धडा अमेरिकी सैन्याच्या हमवी गाडीनं दिला. १९८०च्या दशकात तयार होऊ लागलेली ही गाडी जीपची जागा घ्यायला होती: मागे सामान, वर मशीनगन, दारं कापडाची सुद्धा चालत. इराकमध्ये २००३ नंतर रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब फुटू लागले आणि तीच गाडी रोजच्या गस्तीला शहरात फिरू लागली. काम बदललं, गाडी तीच राहिली. सैनिकांनी भंगारातले पत्रे वेल्ड केले. डिसेंबर २००४ मध्ये कुवेतमध्ये एका जवानानं संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना उभं राहून विचारलं, की आम्हाला कचऱ्याच्या ढिगातलं लोखंड का शोधावं लागतं. त्यानंतर कारखान्याचं चिलखत आलं, मग आणखी जाड दारं आली. मूळची अडीच टनांहून कमी गाडी चिलखत घालून साडेचार टनांच्या घरात गेली. दारं एवढी जड झाली की गाडी उलटली तर आतल्या माणसाला ती उघडेनात. बाहेरून दुसऱ्या गाडीनं आकडा लावून ओढता यावीत म्हणून त्यांची वेगळी सोय करावी लागली. कालव्याकडेच्या भुसभुशीत रस्त्यांवर गाड्या उलटून बुडाल्या. आणि जो धोका होता तो खालूनच येत होता, जिथे तळ सपाट होता.

तळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सुरुंगाचा धक्का हा गोळीसारखा टोचत नाही, तो ढकलतो. सपाट तळाला तो पूर्ण बसतो, तळ आत फुगतो, आणि त्यावर टेकलेले पाय, त्याला बोल्ट केलेली सीट यांच्यातून थेट हाडांपर्यंत जातो. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातल्या (आजचं झिम्बाब्वे) लोकांनी याला उत्तर काढलं: तळ नावेच्या पोटासारखा व्हीच्या आकाराचा करायचा म्हणजे धक्का बाजूला निघून जातो, आणि गाडी उंच ठेवायची, कारण स्फोट आणि तळ यांच्यातल्या अंतरानं जोर झपाट्यानं कमी होतो. त्यांची कॅस्पिर गाडी चाकाखाली २१ किलो टीएनटी आणि पोटाखाली १४ किलो सोसेल अशी बांधलेली होती. आपल्याकडेही कॅस्पिर आल्या. चाक, अॅक्सल तुटून उडून गेले तरी चालतं, ती बोल्टची कामं आहेत. आत सीट छताला किंवा भिंतीला टांगायची, जमिनीवर कधीच नाही. पाय जमिनीवर न टेकता आडव्या दांडीवर ठेवायचे. पट्टा चार टोकांचा. आणि आत काहीही मोकळं ठेवायचं नाही: अग्निशामक, दारूगोळ्याची पेटी, पाण्याचा कॅन. सुरुंगानं गाडी उचलली की सुटलेला कॅनसुद्धा माणूस मारतो.

किंमत पुन्हा तीच. गाडी उंच झाली, वजन वर गेलं, उलटायला सोपी झाली. शिवाय १० किलोच्या सुरुंगाचं गणित मांडून बांधलेली गाडी त्याच्या कित्येक पट दारूपुढे टिकत नाही. २००५ मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात (आपल्या शेजारचं विजापूर नव्हे) सुरुंगरोधी गाडीच उडवली गेली. मग डांबराखाली आधीच पुरून ठेवलेल्या स्फोटकांच्या रस्त्यावर तसल्या गाडीत बसण्यापेक्षा पायी चालणं बरं, हा नियम जंगलातल्या तुकड्यांनी जीव गमावून शिकला. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि एक चालक खाजगी गाडीतून जाताना गेले. तिथे चिलखत नव्हतं, हे खरं. पण एकच ठरलेला रस्ता, घाई, आणि पुढचा रस्ता पायी तपासून न घेणं या गोष्टी चिलखतानं भरून निघत नाहीत.

आता उद्यमबागेतल्या माणसाला समजेल असं थोडं. चिलखती पत्रा म्हणजे ५०० ब्रिनेलच्या आसपास कडकपणा असलेलं पोलाद. हा कडकपणा पाणी देऊन आणलेला असतो, आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की तो उतरायला लागतो. पत्रा कापताना, घासताना, वेल्ड करताना हीच भीती. प्लाझ्मानं मोठा पत्रा कापला तर कडेचे काही मिलिमीटरच मऊ पडतात. पण कुलपाभोवतीचा हाताच्या पंजाएवढा तुकडा प्लाझ्मानं कापला तर तो सगळाच तापून साध्या लोखंडाच्या जवळ येतो, दिसायला मात्र तसाच राहतो. लहान तुकडे वॉटरजेटनं कापावेत. भोक पाडायला कोबाल्टचं ड्रिल, हळू फेरे आणि जोराचा दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर भोकाची कड आणखी कडक होऊन ड्रिलच मरतं. वाकवायच्या आधी कडेची बर्र घासून काढायची, नाहीतर बाहेरच्या अंगाला तिथूनच भेग सुरू होते.

वेल्डच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ पडणारच, ती टाळता येत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यामागे त्याच पोलादाची दुसरी पट्टी लावतात, गोळी सांध्यावर बसली तरी मागे कडक पत्रा मिळावा. एका थरानंतर पुढचा थर देण्याआधी पत्रा हाताला सोसेल इतपत निवू द्यायचा. रॉड कमी हायड्रोजनचा, भट्टीत तीन-साडेतीनशे अंशांवर वाळवलेला, आणि वापरेपर्यंत गरम डब्यात ठेवलेला. किंवा ऑस्टेनिटिक स्टेनलेसचा, जो हायड्रोजन पचवतो. बेळगावच्या पावसात हे फार सांभाळावं लागतं. जुलैत सकाळी पत्र्यावर दव धरलेलं असतं, हवेतच पाणी असतं. ओल्या पत्र्यावर ओल्या रॉडनं मारलेला वेल्ड त्या क्षणी सुंदर दिसतो. हायड्रोजन मात्र हळूहळू कडक भागात साचतो आणि भेग दुसऱ्या दिवशी, कधी दोन दिवसांनी उघडते. म्हणून तपासणी लगेच करून सही मारण्यात अर्थ नाही. ४८ तास ठेवून मग लाल-पांढऱ्या डायनं तपासायचं.

दाराच्या फटीही अशाच. दार आणि चौकट यांच्या रेषेत गोळी शिरली तर आतल्याला वाचवायला काही नाही, म्हणून आतून इंचभर तरी एकावर एक पत्रा यायला हवा. गोळी फुटून शिशाचे तुकडे फटीतून आत उडतात तेही त्यानं अडतं. आरशाचा साधा बोल्ट आरपार असेल तर तो बोल्टच आत गोळी होऊन येतो. गोळी पत्र्यात न शिरता सुद्धा आतल्या बाजूनं खपल्या उडू शकतात, त्यासाठी आतून अॅरामिड कापडाचं अस्तर लावतात.

काचेकडे दुर्लक्ष होतं, आणि काचच सगळ्यात आधी मरते. काचेचे अनेक थर, मध्ये चिकट थर, आणि सर्वांत आत पॉलिकार्बोनेट. उन्हात हे थर वेगवेगळे फुगतात, कडेतून ओल शिरते, आणि कोपऱ्यांत दुधाळ डाग, बुडबुडे दिसू लागतात. एकदा थर सुटले की डाग वाढतच जातात. गोळी अडवण्याची ताकद कमी होते आणि रात्री समोरून दिवा आला की चालकाला काही दिसत नाही. आतली बाजू पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या फवाऱ्यानं पुसली तर पॉलिकार्बोनेटवर बारीक जाळी पडते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. उभ्या गाडीवर ताडपत्री घातली तर काचेचं आयुष्य वाढतं, त्याला काही खर्च नाही. आणि या गाडीच्या काचा खाली होत नाहीत, म्हणून एसी चैनीची गोष्ट नाही. उन्हाळ्यात बंद पेटीत अंगावर बुलेटप्रूफ जाकीट घालून बसलेला जवान तासाभरात थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या डोळ्यांना रस्त्यावरची नवी माती दिसत नाही.

फाउंड्रीवाल्यांसाठी वेगळा भाग आहे. डिफरन्शियलचं घर, अॅक्सलची नळी, चाकाकडची हब ही कास्टिंगची कामं. ट्रॅक्टरला चालणारं एसजी आयर्न (गोळ्यांच्या रूपातल्या ग्राफाइटचं ओतीव लोखंड) लडाखच्या थंडीत तसंच चालेल असं धरू नये. उणे वीस अंशांत साधं लोखंड काचेसारखं वागतं: दगडावर आदळलं की वाकण्याऐवजी तुटतं. त्यासाठी ४००-१८ एलटी सारखा ग्रेड असतो, ज्याला उणे वीसवर सरासरी १२ ज्यूल आघात सोसावा लागतो. ३५०-२२ एलटीला हीच अट उणे चाळीसवर आहे. हे गाठायचं तर फॉस्फरस फार कमी आणि सिलिकॉन बेतात ठेवावं लागतं, कारण दोन्ही वाढले की ठिसूळ होण्याचं तापमान वर सरकतं. परलाइट ही लोखंडातली कडक, ठिसूळ घडण वाढवणारं मँगनीज, तांबं भंगारातून येतं, म्हणून भंगार निवडून घ्यावं. मॅग्नेशियम दिल्यावर लॅडल (ओतायचं भांडं) रेंगाळली की मॅग्नेशियम उडून जातं आणि ग्राफाइटचे गोळे पसरट होतात. दहाएक मिनिटांत हीट ओतून संपली पाहिजे, आणि नमुना शेवटच्या मोल्डमधून घ्यायचा, पहिल्यातून नाही. पहिल्या मोल्डचा नमुना नेहमीच पास होतो.

जमिनीचं बोलायचं तर आपला जिल्हा चाचणीला उत्तम आहे. खानापूर, कणकुंबीकडे लाल माती आणि जांभा. पावसात वरचा थर साबणासारखा, खाली कठीण. चिकोडी, अथणीकडे काळं रान. पावसात चाकाला लपेटून बसतं आणि चाकाच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. लाल मातीत वेग कमी आणि हलका पाय. काळ्यात हवा कमी करायची, म्हणजे टायरचा पाया लांबतो आणि जमिनीवरचा दाब घटतो. चालकाला आतूनच हवा कमी-जास्त करता येते ती यंत्रणा चांगली, पण तिची सील चाकाच्या हबमध्ये असते आणि चिखल, धूळ तिथेच शिरते. एका चाकाची हवा वारंवार उतरत असेल तर पंक्चर शोधण्याआधी सील बघावी. कमी हवेवर डांबरी रस्त्याला लागून वेग वाढवला की टायरची बाजू तापून फाटते. टायरच्या आतल्या कड्याच्या जोरावर हवा गेल्यावरही साधारण ५० किलोमीटर निघून जाता येतं, वेग बेतानं ठेवून. तेवढ्यात सुरक्षित जागी पोचायचं. तो टायर नंतर साध्या पंक्चरच्या दुकानात निघत नाही, त्याला प्रेस लागतो.

पोहणाऱ्या गाडीबद्दल एकच. मांजरी-अंकलीच्या कृष्णाकाठाला पूर ओसरल्यावर कसा गाळ असतो ते आठवा. गाडी पाण्यात क्वचितच बुडते, बुडालीच तर तळाचं एखादं बूच लावायचं राहिलेलं असतं. ती अडकते पलीकडच्या काठावर, पुढची चाकं गाळात आणि मागची अजून तरंगत असताना. म्हणून नदी ओलांडण्याआधी उतरायच्या जागेपेक्षा चढायची जागा माणूस पाठवून पायानं चाचपून घ्यावी.

आपल्या देशात हे सगळं एकत्र करून पहिल्यापासून चिलखती म्हणूनच आखलेली गाडी अलीकडे येऊ लागली. २२ मार्च २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयानं महिंद्रा डिफेन्सशी १,३०० लाइट स्पेशालिस्ट गाड्यांचा १,०५६ कोटींचा करार केला. मशीनगन, ग्रेनेड लाँचर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या, वेगळ्या, छोट्या तुकड्यांना स्वतंत्रपणे काम करता यावं यासाठी. संरक्षण लहान हत्यारांच्या गोळीपासून. हे वाक्य वाचून कुणी नाक मुरडतं, पण मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो: काम आधी ठरवलं, मग पत्रा. उद्या हीच गाडी सुरुंगाच्या रस्त्यावर रोजच्या गस्तीला पाठवली आणि तिच्यावर वरून पत्रे ठोकले, तर दोष गाडीचा नसेल. नाटोच्या मापात पहिली पातळी तीस मीटरवरून साध्या रायफलची गोळी, चौथी पातळी दोनशे मीटरवरून १४.५ मिलिमीटरची. सुरुंगाची दुसरी पातळी सहा किलो, चौथी दहा. गाडी ताब्यात घेणाऱ्या तुकडीच्या प्रत्येक माणसाला आपल्या गाडीची पातळी तोंडपाठ हवी, आणि त्या आकड्यापलीकडे ती काय सोसणार नाही हेही.

आणि उलटण्याचा सराव. घटप्रभेच्या कालव्याकडेचे अरुंद, मुरमाचे रस्ते आठवा: भराव मऊ, बाजूला पाणी, उंच गाडीचं एक चाक कडेला गेलं की संपलं. गाडी कलायला लागली की वर बुरुजात उभा असलेल्यानं बाहेर उडी मारायची नाही, गाडी त्याच्यावरच पडते. शेजारच्यानं त्याला कमरेला धरून आत खेचायचं. सगळ्यांनी ‘उलटली’ असं ओरडायचं. हात आत, हनुवटी छातीला, पाय दांडीत रोवलेले. गाडी थांबली की इंजिन बंद. पट्टा लगेच सोडायचा नाही. गाडी छतावर असेल तर आधी एक हात छताला रेटून धरायचा, मग दुसऱ्या हातानं बकल सोडायचं, नाहीतर माणूस मानेवर पडतो. पाणी आत येत असेल तर वरच्या बाजूचं दार बघायचं, आणि ते जड म्हणून दोघांनी पायानं ढकलायचं. प्रत्येकानं आपलं आणि शेजारच्याचं दार डोळे बांधून उघडून दाखवल्याशिवाय त्याला गस्तीला घेऊ नये.